सुऱ्या पुरायची टेकडी

अहो दादा, तो चाकू आधी मिटून खिशात घाला बघू. सफरचंद खायचंय ना, मग दातांनी खा. आज या गावात कुणी काही कापत नाही, चिरत नाही. हसू नका वहिनी. आपल्याकडे नागपंचमीला विळी आडवी करून ठेवतात, तवा चढवत नाहीत, नांगर धरत नाहीत, तेव्हा कुणी हसतं का?

ही समोर दिसते ती टेकडी. टेकडी म्हणायची पद्धत आहे, नाहीतर आपल्या गावाकडे देवळामागे उंचवटा असतो तेवढीच. लाल माती, वर चार खुरटी झुडपं. अमेरिकेतल्या युटा राज्याच्या या दक्षिण टोकाला असे उंचवटे पावलोपावली आहेत, पण याच्यावर कुंपणाचा एक खांब रोवलेला नाही की कधी नांगर फिरलेला नाही. मका घरात आला की पुढच्या शनिवारी या मिलर्स वॉश गावातली बायामाणसं घरातल्या सुऱ्या, कात्र्या, कोयते, कुऱ्हाडी फडक्यात गुंडाळून इथे आणतात आणि हातांनी माती उकरून पुरतात. सूर्य मावळला की काढायच्या. तोवर पाव हातांनी तोडायचा आणि भोपळा दगडावर आपटून फोडायचा. सकाळपासून गावभर धपाधप चाललंय ते तेच.

हे मॉर्मन लोकांचं गाव. त्यांची श्रद्धा अशी की फार फार वर्षांपूर्वी यरुशलेमहून एक कुटुंब गलबतात बसून समुद्र ओलांडून या खंडावर आलं. त्यांचा वंश वाढला, फुटला, भांडला. त्यांच्यात देवाचा निरोप सांगणारे संदेष्टे झाले, लढाया झाल्या आणि प्रभू येशू मेलेल्यांतून उठल्यावर इथेही येऊन गेले. हे सगळं धातूच्या पत्र्यांवर कोरून ठेवलं होतं, असं ते मानतात. आपल्याकडे नाही का, प्रत्येक तालुक्यात एक सीतेची न्हाणी असते? तसे यांना या डोंगरदऱ्यांत आपले संदेष्टे दिसतात. इतिहासवाले ते मान्य करत नाहीत, ते त्यांचं काम. नेमकं काय कुठे घडलं यावर यांचंही आपसात एकमत नाही. हत्यारं पुरणाऱ्या लोकांची हकिगत त्यांच्या धर्मग्रंथात आहे. पण तिरसा सुईण त्यात सापडायची नाही, ती या गावाची. मी नगरची, लग्न होऊन इथे आले, तेव्हा सासूबाईंनी सांगितली तशी सांगते. मध्ये बोललात तर उठून जाईन.

तर असं सांगतात की त्या काळी इथे राहायचे ते लोक मोठे लढवय्ये. लढवय्ये हा आपला मान राखून वापरलेला शब्द, खरं म्हणजे मारेकरीच. दुसऱ्यांची गावं लुटायची, माणसं तोडायची, यातच त्यांच्या पिढ्या गेलेल्या. मग देवाचं नाव घेऊन कुणी उपदेशक आले, आणि काय बोलले कोण जाणे, या लोकांना आपल्याच हातांची भीती वाटायला लागली. जेवताना हाताकडे बघायचे आणि घास खाली ठेवायचे म्हणे. शेवटी सगळे जमले आणि शपथ घेतली की देवाने एकदा हे हात धुऊन दिले, आता पुन्हा रक्ताला लावायचे नाहीत. कुणी मारायला आलं तरी लावायचे नाहीत. मोह नको म्हणून घरात असतील नसतील तेवढी हत्यारं या टेकडीत खोल पुरायचं ठरलं.

तिरसा त्यांच्यातली सुईण. तिचा नवरा योथाम, उंच, थोराड, आणि तरणेपणी फार माणसं मारलेला. त्यांची एकुलती एक मुलगी मिल्का दिवस भरत आलेली, पहिलटकरीण, माहेरी आणलेली. जावई आदल्या सालच्या लढाईत गेला होता. त्याचं म्हणून आता जगात काय उरलं होतं, तर मिल्काच्या पोटातलं ते पोर.

तिरसाकडे नाळ कापायची एक पात होती, काचेसारख्या काळ्या दगडाची, बोटाएवढी. वडीलधारे तिला म्हणाले, "ही ठेव बाई. हिने माणसं जन्माला घातलीत, हे काही हत्यार नव्हे." योथामचा मात्र लांब सुरा होता. तो त्याने चुलीपाशी ठेवला आणि म्हणाला, "तूच गुंडाळ. मला आता हात लावायला नको वाटतं." आणि बाहेर जाऊन बसला.

इथेच घोळ झाला बघा. तिरसाने फडकं पसरलं, सुरा उचलला आणि तो तसाच हातात धरून बसली. पोर अशी अवघडलेली, नवरा हात जोडून बसलेला, आणि उद्या दारात कुणी उभं राहिलं तर? सगळ्या गावाबरोबर तिनेही शपथ घेतली होती आणि मनापासून घेतली होती, त्यात खोट नव्हती. पण भीती वाटायची ती वाटतच होती. तिने फडक्यात सरपणाचा एक लांब तुकडा ठेवला. तो फार हलका वाटला, म्हणून शेजारी एक दगड ठेवला. तरी मन खात होतं, देवाच्या नावाने नुसतं लाकूड नि दगड पुरायचा म्हणजे काय. म्हणून तिने आपली नाळेची पात त्यात घातली. बाईने ठेवायची ती वस्तू दिली आणि द्यायची ती ठेवली. गाठ मारली आणि सुरा मक्याच्या कणगीत तळाशी खुपसला.

दुसऱ्या दिवशी योथामने ते गाठोडं सगळ्यांसमोर खड्ड्यात ठेवलं, वर माती लोटली. घरी आला तो रडत आणि हसत. तळवे तिच्यापुढे धरून म्हणाला, "तिरसा, हात कसे हलके झालेत बघ." ती म्हणाली, "जेवायला बसा."

त्यानंतर त्या बाईला सुखाचा घास गेला नाही. ती कणगीतला वरवरचाच मका काढायला लागली, मग तोही मिल्काला काढायला सांगायला लागली, आणि मग मिल्काचा हात खोल गेला की ओरडायची, "वरचा घे ना गं, वरचा!" पोरगी आईकडे बघतच राहायची. नवऱ्याला सांगून टाकावं असं रोज मनात यायचं. पण आज सांगितलं नाही ते उद्या सांगणं जास्त अवघड व्हायचं. तो तर दिवसेंदिवस असा निवांत होत चालला होता की त्याच्याकडे बघून तिला आणखीच धडकी भरायची. हा माणूस आता कशालाच घाबरत नाही, मग आपल्या सगळ्यांच्या वाटचं आपणच घाबरायचं का, असं तिला वाटायचं.

आणि एके दिवशी सकाळी, माणसं कणसं सोलत बसली असताना, खिंडीच्या तोंडाशी धूळ दिसली.

चाल करून आले ते कुणी परके नव्हते, भाऊबंदच. यांनी वाडवडिलांची रीत सोडली, शत्रूचा देव धरला, म्हणून चिडून आलेले. गावाच्या तोंडचं पाणी पळालं. मग एक म्हातारे बाप्ये पुढे झाले आणि म्हणाले, "ठरल्याप्रमाणे शेतात जायचं, जमिनीवर पालथं पडायचं आणि प्रार्थना करायची. कुणीही हात उचलायचा नाही. एकाने जरी उचलला तरी बाकीच्यांचं मरण वाया गेलं." एकेक जण उठून अंगावरचे कणसांचे केस झटकायला लागला. मरायला जाताना अंग झटकत होते बिचारे.

त्याच घटकेला मिल्काला कळा सुरू झाल्या. भीतीनेच झाल्या असणार. तिरसाने तिला आत नेलं, उकिडवी बसवली, आढ्याला बांधलेला दोर हातात दिला. योथाम दारात आला. लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि बायकोला हळूच विचारलं, "घरात काही राहिलं नाही ना गं?"

तिरसा म्हणाली, "नाही."

"मग झालं," म्हणाला आणि गेला. तिने त्याला पाठमोरं बघितलं तेवढंच.

माझ्या सासूबाई इथे थांबायच्या. म्हणायच्या, यापुढचं ऐकताना मुलांना जवळ घ्या. लढाईला केवढा आवाज असतो, आरोळ्या, हत्यारांचा खणखणाट. तिरसाने असल्या लढाया जन्मभर ऐकल्या होत्या. या वेळी त्यातलं काहीच नव्हतं. नुसती प्रार्थनेची गुणगुण ऐकू येत होती, शंभर माणसं एकदम हळू आवाजात बोलावीत तशी, आणि मध्ये मध्ये एक बोजड आवाज, भोपळा आपटल्यासारखा. प्रत्येक आवाजासरशी गुणगुण जराशी बारीक व्हायची. तिरसाला कळत होतं काय चाललंय ते. त्या गुणगुणीत योथामचा घोगरा आवाज सापडतो का म्हणून ती कान देऊन ऐकत होती. आधी सापडला. मग मिल्काने कळ दिली, ती किंचाळली, आणि त्यानंतर तो आवाज काही तिला सापडेना.

तेवढ्यात अंगणात पावलं वाजली. जड पावलं, एकाच माणसाची. तिरसाने लेक दोराला लोंबकळलेली बघितली आणि ती कणगीकडे धावली, खांद्यापर्यंत हात खुपसला. मका सगळा जमिनीवर भळाभळा सांडला. सुरा बाहेर निघाला. तो तिच्या मुठीत असा बसला की जणू वाटच बघत होता, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

"आई, आलं! आई गं, आलं!" मिल्का ओरडली.

तिरसा खाली बसली. बाळाचं डोकं बाहेर आलेलं, निळं पडलेलं. नाळ गळ्याभोवती आवळून बसली होती. बोट घालून सोडवायला गेली तर बोट आत शिरेना. हजार बाळंतपणं केलेली बाई, तिला एका नजरेत कळलं की आत्ताच्या आत्ता कापली नाही तर पोर गेलं. तिचा हात सवयीने कंबरेच्या पिशवीकडे गेला. पिशवी रिकामी. पात टेकडीत, सरपणाच्या तुकड्याशेजारी, तिने स्वतःच्या हाताने गुंडाळलेली.

आणि दारावरचं कातडं बाजूला झालं.

माणूस होता तिच्याच वयाचा, कानशिलांवरचे केस पिकलेले. हातात तलवार, हात कोपरापर्यंत रक्ताने ओला. त्याने मिल्काकडे बघितलं नाही, पोराकडे बघितलं नाही. त्याची नजर तिरसाच्या हातातल्या सुऱ्यावर गेली आणि तो चक्क हुश्श करून बोलला, "आहे! एकीच्या हातात तरी आहे!"

तिरसा त्याच्याकडे वळली.

"मार," तो म्हणाला. पुढे सरकला. "अगं मार ना! शेतात एकसुद्धा उठला नाही. एकसुद्धा! मी ओरडून ओरडून सांगितलं, उठा, लढा. सगळे पडून राहिले. तू तरी मार. एकाने तरी मारलं पाहिजे मला." त्याचा आवाज चिरकत होता. सांगतात की तिरसाला त्याच्या तलवारीपेक्षा त्याच्या तोंडाचं भय जास्त वाटलं. तोही भ्यायला होता. आपण लढाईला आलो आणि लढाई झालीच नाही, मग आपण शेतात केलं ते काय केलं, या विचाराने तो पार गर्भगळीत झाला होता. तिने सुरा उगारला असता तर तो सुटला असता. मग ती लढाई ठरली असती.

आणि ती उगारू शकत होती, ही गोष्ट मात्र विसरू नका. तलवार त्याने खाली सोडलेली, मान पुढे काढलेली. योथामची बायको ती, सुरा कुठे घालायचा ते तिला माहीत होतं. हाच माणूस शेतातून आलाय. याच तलवारीवर कुणाकुणाचं रक्त असेल. डोळ्यांपुढे योथामची पाठ आली आणि तिचा हात वर गेला. खरंच गेला. खोटं कशाला सांगू, सासूबाईंनीही कधी लपवलं नाही.

मग मिल्काच्या घशातून एक बारीक आवाज आला. नुसतं "आई" म्हणाली ती.

तिरसाने त्याच्याकडे पाठ फिरवली. आता हा मानेवर घाव घालणार, या खात्रीने तिने खांदे आक्रसून घेतले, डोळे गच्च मिटावेसे वाटत होते ते मिटले नाहीत, आणि नाळ दोन बोटांत दाबून तो लांबलचक सुरा एवढ्याशा जागेत सरकवला. लेकीला लागेल की नातवाला लागेल असं तिला होत होतं. ज्या सुऱ्याने आजवर माणसंच मारली होती, त्याने तिने नाळ कापली. पोर सुळकन हातात आलं. उलटं धरलं, पाठीवर थापट मारली. काही नाही. पुन्हा मारली. मागून घाव येत नव्हता आणि पुढून रडणं येत नव्हतं. आणि मग एकदम ते पोर असं केकाटलं की अंगणातल्या कोंबड्या उडाल्या म्हणतात.

मागे काहीतरी जमिनीवर पडलं. तिने वळून बघितलं तर तो माणूस सांडलेल्या मक्यात खाली बसला होता आणि तलवार बाजूला पडली होती. तो हुंदके देत होता आणि दोन्ही हात अंगापासून लांब धरून बसला होता, आपलेच नसल्यासारखे. बाहेरही तेव्हा तेच घडत होतं असं सांगतात. मारणाऱ्यांचेच हात थांबले, एकाने तलवार टाकली, दुसऱ्याने टाकली, शेत हत्यारांनी भरून गेलं. जेवढे मेले त्याहून जास्त जणांनी त्या दिवशी मारणं सोडलं, अशी यांची श्रद्धा आहे.

पण योथाम गेला होता. शेताच्या खिंडीकडच्या कडेला सापडला, पालथा, तळवे आभाळाकडे उघडे.

उन्हं कलली तेव्हा तिरसा सुरा उघडाच हातात घेऊन टेकडीवर आली. फडक्यात गुंडाळला नाही. सगळ्यांच्या देखत मोठ्याने म्हणाली, "मी खोटं बोलले. नवऱ्याला 'नाही' म्हणाले आणि तो तसाच गेला." कुणी तिला शब्दाने बोललं नाही. प्रत्येकाच्या घरी कुणी ना कुणी पालथं पडलेलं होतं. ती माती उकरायला बसली. तेव्हा कुणीतरी शेजारी येऊन बसलं आणि उकरायला लागलं. तोच होता, तलवारवाला. तिने अंग चोरून घेतलं. खड्डा खोल झाल्यावर तिने सुरा ठेवला, त्याने तलवार ठेवली, एकाच खड्ड्यात, आणि दोघांनी माती लोटली.

त्याचं नाव कोराम. तो परत गेलाच नाही. गावाच्या कडेला झोपडं बांधलं, तिरसाच्या घरी पाणी भरायला लागला, सरपण आणायला लागला. मिल्काचा मुलगा त्याच्या खांद्यावर वाढला. आणि तिरसा दारात उभी राहून बघायची. तो त्या दिवशी आला होता खिंडीच्या बाजूने. अंगणात कुठल्या दिशेने पावलं वाजली ते ती विसरली नव्हती. योथाम पडला होता तो त्याच बाजूला. विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं. खोटं बोलायचा त्याचा पिंडच नव्हता. म्हणून तर तिला भीती वाटायची. सैन्य आलं तेव्हा वाटली तशी, अगदी तशीच भीती, दररोज, तो पाण्याचा घडा उतरवायचा तेव्हा.

पुढच्या साली मका घरात आल्यावर ती घरातली सुरी घेऊन टेकडीवर आली, तर तो आधीच येऊन बसलेला. दोघं उकरायला लागले. मध्येच त्याचे हात थांबले. मातीकडे बघत तो म्हणाला, "तिरसा, त्या दिवशी शेतात, त्या खिंडीकडच्या कडेला..."

तिने त्याच्याकडे बघितलं, आणि टेकडीखाली खेळणाऱ्या नातवाकडे बघितलं.

"खण," ती म्हणाली.

त्याने खणलं. पुढे दोघंही म्हातारे होऊन मेले, पण तिने त्याला ते कधी विचारलं नाही.

आजही या टेकडीवर एकट्याने खड्डा खणत नाहीत. आपल्या माणसाबरोबरही खणत नाहीत. गावात ज्याची भीती वाटते, ज्याच्या समोर जायला नको वाटतं, त्याच्याबरोबर येऊन बसायचं आणि एकाच खड्ड्यात दोघांच्या सुऱ्या ठेवायच्या. त्या बघा, त्या दोघी येतायत ना गाठोडी घेऊन, एकीच्या मोटारीखाली दुसरीचा मुलगा गेला. चूक कुणाची होती ते अजून कुणाला ठाऊक नाही, त्या दोघींपैकी एकीला सोडून. दर साली येतात. थोडा वेळ उकरून झालं की त्या मोटारवालीचे हात थांबतात, ती मान वर करते, तोंड उघडते.

गप्प बसा आता. ऐका, दुसरी काय म्हणते ते.